बारका शब्द, मोठे काम

आमच्या साक्षरता वर्गात एक आक्का येत. वय पन्नाशीच्या पुढे. मराठी वाचायला शिकल्या. मग हट्टाने इंग्रजी अक्षरेही शिकल्या. त्यांचा मुलगा सुरतेला कापडाच्या गिरणीत कामाला आहे. नरडाण्याहून सुरतेला रेल्वे जाते. त्या रेल्वेने खानदेशातली किती तरी मुले पोटासाठी सुरतेला गेली, त्यांतलाच हा एक.

आक्कांनी मुलासाठी बिबड्या, शेवया आणि उडदाचे पापड केले. खोके बांधले. आजवर पत्ता दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागे. या वेळी त्या म्हणाल्या, "आता मीच लिहिणार." त्यांनी आपल्या हाताने दोन्ही पत्ते लिहिले. अक्षर सुवाच्य. पिनकोड बरोबर. कुठे काना नाही चुकला, मात्रा नाही चुकली. पार्सल टपालात पडले.

काही दिवसांनी टपालवाला दारात उभा. हातात तेच खोके.

आक्का तशाच वर्गात आल्या. म्हणाल्या, "मास्तर, मन्हं पार्सल मन्हाच घर परत उनं! असं कसं?"

आम्ही खोके पाहिले. खोक्यावर छापील चिठ्ठी होती. चिठ्ठीवर वर एक इंग्रजी शब्द छापला होता, 'फ्रॉम'. खाली दुसरा शब्द होता, 'टू'. आक्कांनी विचार केला, की मुलाचे नाव मानाने वर लिहावे आणि आपले खाली. म्हणून 'फ्रॉम'पुढे मुलाचा पत्ता आला आणि 'टू'पुढे त्यांचा स्वतःचा. टपालवाल्याने चिठ्ठीत लिहिले होते तेच केले. पार्सल सुरतेहून आले असे समजून त्याने ते नरडाण्याला पोचवले.

सगळे बरोबर होते. दोन बारके शब्द तेवढे ओळखता आले नाहीत. आजचा धडा या बारक्या शब्दांचा आहे.

इंग्रजी अक्षरे अजून सर्वांना येत नाहीत. म्हणून या धड्यात इंग्रजी शब्द आम्ही आपल्याच अक्षरांत लिहिले आहेत. ज्यांना अक्षरे येतात, त्यांनी ते शब्द शिक्षकांकडून फळ्यावर लिहून घ्यावेत आणि वहीत उतरवावेत.

१. वासरू आणि बैल

आधी आपल्या बोलीकडे पाहू. घरी आपण अहिराणी बोलतो. 'घरमा' म्हणतो. 'तुले', 'मले' म्हणतो. 'गावना पाटील' म्हणतो. पुस्तकात हेच 'घरात', 'तुला', 'मला', 'गावाचा पाटील' असे लिहितात.

नीट पाहा. 'मा', 'ले', 'ना' हे बारके तुकडे कुठे आले? नावाच्या शेवटी आले. मराठीतले 'त', 'ला', 'चा' हेही शेवटीच येतात. 'वर', 'खाली', 'पासून', 'साठी', 'जवळ' हे शब्दही नावानंतरच येतात. झाडावर, झाडाखाली, झाडाजवळ. मराठीच्या व्याकरणात या दुसऱ्या शब्दांना 'शब्दयोगी अव्यये' म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपे आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी मराठीचे व्याकरण लिहून 1836 साली छापले. तेव्हापासून शाळेत मुले हे पाठ करीत आली आहेत. आपण मात्र ते पाठ न करताच रोज बरोबर बोलतो.

इंग्रजीत हे काम उलटे चालते. तिथे बारका शब्द नावाच्या आधी येतो. आपण म्हणतो 'घरात'. इंग्रजी बोलणारा म्हणतो 'इन द हाऊस'. 'इन' म्हणजे 'आत'. आधी 'आत' म्हटले, मग 'घर' म्हटले.

गाय पुढे चालते आणि वासरू तिच्या मागून येते. तशी मराठीची रीत आहे. गाडीपुढे बैल असतो. तशी इंग्रजीची रीत आहे. एवढे मनात ठेवले, की अर्धे काम झाले.

२. 'टू' आणि 'फ्रॉम'

'फ्रॉम' म्हणजे 'पासून', 'कडून', 'हून'. जिथून निघाले ते ठिकाण, किंवा ज्याने दिले तो माणूस.

'टू' म्हणजे 'कडे', 'ला', 'पर्यंत'. जिथे जायचे ते ठिकाण, किंवा ज्याला द्यायचे तो माणूस.

पार्सलावर 'फ्रॉम'पुढे पाठवणाऱ्याचा पत्ता लिहावा. 'टू'पुढे घेणाऱ्याचा पत्ता लिहावा. वर कोण आणि खाली कोण, हे पाहू नये. मान कोणाचा, हेही पाहू नये. शब्द पाहावा.

आता रेल्वे घेऊ. आपले नरडाणा स्टेशन सुरत-भुसावळ मार्गावर आहे. पश्चिमेला शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार आणि पुढे सुरत. पूर्वेला बेटावद, अमळनेर, धरणगाव आणि पुढे जळगाव. समजा, तिकीट जळगावचे हवे आहे. इंग्रजीत ते 'फ्रॉम नरडाणा टू जळगाव' असे होईल. परतीचे तिकीट 'फ्रॉम जळगाव टू नरडाणा' असे होईल. गावे तीच, पैसे तेच, पण तिकीट दुसरे. खिडकीवरून हलण्याआधी तिकीट वाचावे. गाडीत बसल्यावर चूक कळली तर उपयोग नाही.

हेच दोन शब्द पैशाच्या कागदावरही भेटतात. पावतीवर 'रिसीव्हड फ्रॉम' असे छापलेले असते. याचा अर्थ 'यांच्याकडून मिळाले'. त्यापुढे पैसे देणाऱ्याचे नाव हवे. तुम्ही पैसे भरले असतील, तर तिथे तुमचे नाव आहे ना, हे पाहा. दुसऱ्या कागदावर 'पेड टू' असे असते. याचा अर्थ 'यांना दिले'. त्यापुढे पैसे घेणाऱ्याचे नाव हवे.

समजा, एका शेतकऱ्याने बियाण्याचे पैसे भरले. पावतीवर 'रिसीव्हड फ्रॉम'पुढे दुसऱ्याच कोणाचे नाव पडले. पैसे तर गेले, पण कागद म्हणतो की ते दुसऱ्याने दिले. उद्या वाद झाला, तर लोक तोंडचा शब्द ऐकणार नाहीत, कागद पाहतील. म्हणून पावती घडी घालून खिशात टाकण्याआधी हे नाव वाचा.

३. एका 'ला'चे चार शब्द

इथे मोठी अडचण येते. ती नीट समजून घेऊ.

मराठीत आपण एकच 'ला' किती ठिकाणी वापरतो, पाहा.

मी सुरतला जातो.
मी सुरतला राहतो.
मी 5 तारखेला येईन.
तो रात्रीला झोपत नाही, दिवसाला झोपतो.

आपल्याला सगळे 'ला' सारखेच वाटतात. इंग्रजीत ते सारखे नाहीत. 'सुरतला जातो' यात जाणे आहे, म्हणून 'टू सुरत'. 'सुरतला राहतो' यात आत असणे आहे, म्हणून 'इन सुरत'. '5 तारखेला' यात ठरावीक दिवस आहे, म्हणून 'ऑन'. 'रात्रीला' यासाठी 'ॲट नाईट' म्हणतात.

यातून एक धडा घ्यावा. मराठीचा तुकडा पाहून इंग्रजी शब्द निवडू नये. बोलण्याचा अर्थ पाहून निवडावा. जाणे आहे की असणे आहे? दिवस आहे की वर्ष आहे? हे आधी मनाला विचारावे.

'ने' या तुकड्याचेही तसेच आहे.

मी बसने आलो. इथे वाहन आहे, म्हणून 'बाय बस'.
तिने कुऱ्हाडीने लाकूड फोडले. इथे हातातले हत्यार आहे, म्हणून 'विथ'.
हा दरवाजा सुताराने केला. इथे करणारा माणूस आहे, म्हणून पुन्हा 'बाय'.

आणि आपण पायी आलो, तर इंग्रजीत 'ऑन फूट' म्हणतात.

४. 'इन', 'ऑन', 'ॲट'

या तीन शब्दांत सर्वांत जास्त चुका होतात. शाळा-कॉलेज शिकलेल्यांच्याही होतात. म्हणून आपण लाजू नये.

आधी जागा घेऊ.

'इन' म्हणजे आत. धान्य पोत्यात आहे, पाणी विहिरीत आहे, माणूस खोलीत आहे. इथे 'इन'.

'ऑन' म्हणजे वर, टेकून. पाटी टेबलावर आहे, कौले छपरावर आहेत, चित्र भिंतीवर आहे. इथे 'ऑन'.

'ॲट' म्हणजे एखाद्या ठिकाणापाशी. माणूस स्टेशनवर भेटेल, फाटकापाशी थांबेल, दुकानापाशी उभा राहील. इथे 'ॲट'. आत किती, बाहेर किती, हे सांगायचे नाही. ते ठिकाण तेवढे सांगायचे आहे.

एक गंमत सांगतो. आपण 'बसमध्ये बसलो' म्हणतो. इंग्रजीत 'ऑन द बस' म्हणतात. 'ऑन द ट्रेन' म्हणतात. म्हणून कोणी टपावर चढून बसत नाही! ती त्यांची बोलण्याची रीत आहे. मोटारगाडीला मात्र ते 'इन द कार' म्हणतात. प्रत्येक भाषेत अशा काही रीती असतात. त्यांना कारण विचारत बसू नये. त्या कानाने ऐकून ठेवाव्यात.

आता वेळ घेऊ. वेळेचा नियम सोपा आहे.

मोठा काळ असेल, तर 'इन'. वर्ष, महिना, ऋतू.
ठरावीक दिवस असेल, तर 'ऑन'. वार, तारीख.
घड्याळातली वेळ असेल, तर 'ॲट'. सात वाजता, दहा वाजता.

काळ मोठा तर 'इन', त्याहून लहान तर 'ऑन', सर्वांत लहान तर 'ॲट'. एका हाताच्या तीन बोटांवर हे मोजता येते.

आपल्याच भागातली उदाहरणे घेऊ. ती लक्षात राहतील.

विनोबा भावे 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे दर रविवारी ते सोबतच्या कैद्यांना गीता समजावून सांगत. पहिले प्रवचन 21 फेब्रुवारीला झाले. त्याच तुरुंगात साने गुरुजी होते. त्यांनी ती प्रवचने उतरवून घेतली. त्याआधी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये गुरुजी शिक्षक होते. आता पाहा. '1932 साली' हे वर्ष आहे, म्हणून 'इन 1932'. 'रविवारी' हा वार आहे, म्हणून 'ऑन संडे'. '21 फेब्रुवारीला' ही तारीख आहे, म्हणून 'ऑन'. 'तुरुंगात' ही आतली जागा आहे, म्हणून 'इन'.

नंदुरबारला शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा तिरंगा घेऊन मिरवणुकीत चालला होता. पोलिसांच्या गोळीबारात तो आणि त्याचे चार सोबती मारले गेले. तो दिवस 9 सप्टेंबर 1942. इथे पूर्ण तारीख आहे, म्हणून 'ऑन'. नुसते '1942 साली' म्हटले, तर 'इन'.

अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यासाठी एक कंपनी निघाली. ती 29 डिसेंबर 1945 रोजी स्थापन झाली. तीच कंपनी पुढे विप्रो या नावाने जगात गाजली. तारीख आहे, म्हणून 'ऑन'. 'डिसेंबरमध्ये' म्हटले, तर 'इन'.

नंदुरबार जिल्हा आपल्या धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला, तो 1 जुलै 1998 रोजी. इथे कोणता शब्द येईल? तुम्हीच सांगा.

५. 'सिन्स' आणि 'फॉर'

मराठीत 'पासून' हा एकच शब्द दोन कामे करतो. आपण म्हणतो, 'मी 2010 पासून इथे आहे.' आणि आपण म्हणतो, 'मी दहा वर्षांपासून इथे आहे.' पहिल्यात कधी सुरुवात झाली ते सांगितले. दुसऱ्यात किती काळ गेला ते सांगितले.

इंग्रजीत सुरुवात सांगायला 'सिन्स' लागतो. 'सिन्स 2010'. काळ मोजायला 'फॉर' लागतो. 'फॉर टेन इयर्स'.

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "ताप कधीपासून आहे?" सोमवारपासून असेल, तर 'सिन्स मंडे'. तीन दिवस झाले असतील, तर 'फॉर थ्री डेज'. दोन्हींत फरक आहे, तो ओळखावा.

६. जिथे बारका शब्द नकोच

काही ठिकाणी मराठीत तुकडा लागतो, पण इंग्रजीत काहीच लागत नाही. 'आम्ही जळगावला पोचलो' हे इंग्रजीत 'वी रीच्ड जळगाव' असे होते. मधे 'टू' घालू नये. 'तो घरी गेला' हे 'ही वेंट होम' असे होते. इथेही 'टू' नको. 'आम्ही शेतीविषयी चर्चा केली' हे 'वी डिस्कस्ड फार्मिंग' असे होते. 'विषयी' म्हणून 'अबाउट' घालू नये.

भाजीत मीठ लागते. पण चहात मीठ घालायचे नसते. तसेच हे आहे.

७. मुदतीचे शब्द

आता खरे महत्त्वाचे सांगतो. हा भाग दोनदा वाचा.

बँकेची, सोसायटीची, वीज मंडळाची, कचेरीची चिठ्ठी येते. तिच्यात तारीख असते. तारखेच्या आधी एक बारका शब्द असतो. नजर तारखेवर जाते आणि बारका शब्द सुटतो. समजा, तारीख 31 मार्च आहे.

'ऑन 31 मार्च' म्हणजे त्याच दिवशी. आधी नाही, नंतर नाही.

'बिफोर 31 मार्च' म्हणजे 31 च्या आधी. शेवटचा दिवस 30 मार्च.

'ऑन ऑर बिफोर 31 मार्च' म्हणजे त्या दिवशी किंवा त्याआधी. 31 तारीख धरून.

'बाय 31 मार्च' म्हणजेही 31 पर्यंत, 31 धरून.

'आफ्टर 31 मार्च' म्हणजे 31 नंतर. 1 एप्रिलपासून पुढे.

'विदिन फिफ्टीन डेज' म्हणजे पंधरा दिवसांच्या आत. यात तारीख दिलेली नसते. दिवस कधीपासून मोजायचे, ते शेजारी लिहिलेले असते. बहुधा चिठ्ठी हाती पडल्यापासून किंवा चिठ्ठीवरच्या तारखेपासून. ते शोधून वाचावे.

पीककर्ज मुदतीत फेडले, तर व्याजात सवलत मिळते. मुदत चुकली, तर सवलत जाते आणि कर्ज थकीत होते. एका दिवसाचा फरक, पण घरातल्या पैशाचा फरक. समजा, चिठ्ठीत 'बिफोर 31 मार्च' आहे आणि आपण 31 ला सकाळी पैसे घेऊन गेलो. आपल्याला वाटते, वेळेत आलो. कागद म्हणतो, उशीर झाला. म्हणून तारखेवर बोट ठेवण्याआधी तिच्या शेजारच्या बारक्या शब्दावर बोट ठेवा. आणि शंका असेल, तर चार दिवस आधीच भरा.

चेकवरही असेच शब्द असतात. 1 एप्रिल 2012 पासून चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. त्याआधी तो सहा महिने चालत असे. 'व्हॅलिड फॉर थ्री मन्थ्स' असे पुष्कळ चेकांवर छापलेले असते. इथे 'फॉर' म्हणजे 'इतका काळ'. मागच्या भागातला 'फॉर' आठवा. तोच हा. कापसाचा किंवा दुधाचा चेक हाती आला, की तो देवघरात ठेवून देऊ नये. लवकर बँकेत भरावा.

८. औषधाच्या बाटलीवरचे शब्द

पैशाची चूक एक वेळ भरून येते. जिवाची चूक भरून येत नाही.

औषधाच्या चिठ्ठीवर 'बिफोर फूड' असे असते. म्हणजे जेवणाआधी. 'आफ्टर फूड' म्हणजे जेवणानंतर. काही औषधे रिकाम्या पोटी घेतली, तर पोटात आग पडते. काही औषधे जेवणानंतर घेतली, तर त्यांचा गुण कमी येतो. डॉक्टरांनी जे सांगितले, तेच करावे.

'शेक वेल बिफोर युज' म्हणजे वापरण्याआधी बाटली चांगली हलवा. वापरल्यावर हलवून उपयोग नाही. औषध तळाशी बसलेले असते. नुसते वरचे पाणी पोटात जाते, आणि शेवटच्या घोटात सगळे औषध एकदम जाते.

'फॉर एक्स्टर्नल युज ओन्ली' म्हणजे फक्त बाहेरून लावण्यासाठी. हे औषध कधीही प्यायचे नाही. इथे 'फॉर' म्हणजे 'साठी'.

'कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन' म्हणजे मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.

आपला भाग कापसाचा. घरोघरी फवारणीची औषधे असतात. त्यांच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो. त्यात रंगाचा त्रिकोण असतो. लाल रंग सर्वांत जहाल विषाचा. मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा असला, तरी ते औषध विषारीच. हा रंग वाचता न येणाऱ्यालाही कळतो. पण किती पाण्यात किती औषध घालायचे आणि फवारल्यावर किती दिवसांनी कापूस वेचायचा, ते शब्दांत लिहिलेले असते. सोबत मराठी पत्रक असते. ते वाचावे. पत्रक फेकून देऊन डबा तेवढा घरात ठेवू नये.

९. शब्द निवडण्याची रीत

वाक्य लिहिताना अडले, तर स्वतःला चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न. हे कुठून निघाले की कुठे पोचले? निघाले तर 'फ्रॉम', पोचले तर 'टू'.

दुसरा प्रश्न. हे आत आहे, वर आहे की पाशी आहे? आत तर 'इन', वर तर 'ऑन', पाशी तर 'ॲट'.

तिसरा प्रश्न. ही वेळ केवढी आहे? वर्ष-महिना तर 'इन', दिवस तर 'ऑन', घड्याळ तर 'ॲट'.

चौथा प्रश्न. हे कशाने झाले? वाहनाने किंवा माणसाने तर 'बाय', हत्याराने तर 'विथ'.

चारही प्रश्नांनी उत्तर मिळाले नाही, तर ती भाषेची खास रीत असेल. अशा रीती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. 'ॲट नाईट', 'ऑन फूट', 'ऑन द बस'. आठवड्याला दोन लिहिल्या, तरी वर्षात शंभर होतात.

१०. सराव

रिकाम्या जागी योग्य शब्द घाला. आधी स्वतः करा. मग शेजाऱ्याला विचारा. मगच उत्तरे पाहा.

(1) मी नरडाण्यात राहतो. आय लिव्ह ...... नरडाणा.
(2) गाडी सात वाजता येते. द ट्रेन कम्स ...... सेव्हन.
(3) बाजार सोमवारी आहे. द मार्केट इज ...... मंडे.
(4) आम्ही बसने अमळनेरला जातो. वी गो ...... अमळनेर ...... बस.
(5) तो शिंदखेड्याहून आला. ही केम ...... शिंदखेडा.
(6) तिने कुऱ्हाडीने लाकूड फोडले. शी कट द वुड ...... ॲन ॲक्स.
(7) महाराष्ट्र राज्य 1 मे 1960 रोजी झाले. तारखेआधी कोणता शब्द येईल?
(8) महाराष्ट्र राज्य 1960 साली झाले. वर्षाआधी कोणता शब्द येईल?
(9) मुलगा पाच वर्षांपासून सुरतेला आहे. पाच वर्षांआधी कोणता शब्द येईल?
(10) गोळी जेवणानंतर घ्यायची आहे. चिठ्ठीवर कोणता शब्द असेल?
(11) चिठ्ठीत 'बिफोर 10 जून' असे आहे. पैसे भरण्याचा शेवटचा दिवस कोणता?
(12) चिठ्ठीत 'बाय 10 जून' असे आहे. आता शेवटचा दिवस कोणता?

उत्तरे: (1) इन. (2) ॲट. (3) ऑन. (4) टू, बाय. (5) फ्रॉम. (6) विथ. (7) ऑन. (8) इन. (9) फॉर. (10) आफ्टर. (11) 9 जून. (12) 10 जून. आणि चौथ्या भागातल्या प्रश्नाचे उत्तर: 1 जुलै 1998 ही तारीख आहे, म्हणून 'ऑन'.

बाराच्या बारा बरोबर आली, तर उत्तम. आठ आली, तरी चांगले. अकरावे आणि बारावे मात्र चुकू देऊ नका. चुकले असेल, तर सातवा भाग पुन्हा वाचा.

११. पार्सलाचे पुढे काय झाले

आक्कांना आम्ही 'टू' आणि 'फ्रॉम' समजावून सांगितले. वर्गातल्या कोणी हसले नाही. उलट तीन-चार जण म्हणाले, "आम्हीही असेच लिहिले असते."

एकाने सुचवले, "आक्का, या वेळी दुसऱ्याकडून लिहून घ्या."

आक्का म्हणाल्या, "नाही. चूक मी केली, आता मीच दुरुस्त करीन."

त्यांनी जुनी चिठ्ठी काढून टाकली. नवी चिकटवली. बिबड्या वाटेत थोड्या मोडल्या होत्या. त्या काढून नव्या भरल्या. 'टू'पुढे मुलाचा पत्ता लिहिला. 'फ्रॉम'पुढे आपले नाव, नरडाणा, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे. लिहून झाल्यावर दोन्ही शब्दांवर बोट ठेवून मोठ्याने वाचले.

चार-पाच दिवसांनी मुलाचा फोन आला. पार्सल मिळाले होते. तो म्हणाला, "आई, पत्ता कोणी लिहून दिला?"

आक्का म्हणाल्या, "मीच लिहिला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात हे सांगितले. मग पिशवीतून मोडक्या बिबड्यांचा पुडा काढला आणि सर्वांना वाटल्या. आम्हालाही दोन मिळाल्या.